मोठ्या कंपनीचा व्हेंडर होताना: पहिल्या कोटेशनपासून शेवटच्या बिलापर्यंत

व्हेंडर कोड मिळाला की भोसरीत, चाकणला, अंबडला, वाळूजला पेढे वाटले जातात. जरूर वाटा. फक्त एवढं लक्षात असू द्या की कोड मिळाला म्हणजे कंपनीच्या संगणकात पुरवठादार म्हणून तुमचं नाव चढलं. काम, दर, पैसे आणि नातं यातलं अजून काहीच ठरलेलं नाही.

हा लेख चार-पाच सीएनसी, एखादं व्हीएमसी (दोन्ही धातू कापणारी संगणकचालित यंत्रं) आणि पंधरा-वीस माणसं असलेल्या युनिटसाठी आहे, जे पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या वाहन कंपनीला किंवा तिच्या टिअर-वन (थेट तिला माल देणाऱ्या) पुरवठादाराला माल देणार आहे. पॅकेजिंग, शीट मेटल किंवा सॉफ्टवेअरवाल्यांना शब्द बदलून घ्यावे लागतील, हिशेब फारसा बदलत नाही.

१. उद्यम नोंदणी आधी, पहिलं डिलिव्हरी चलन नंतर

हे काम एका दुपारचं आहे. उद्यम पोर्टलवर नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. उशिरा पेमेंटविरुद्धचं कायद्याचं संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यमला नाही. नोंदणी पुरवठ्याआधी होती की नंतर, यावरून प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. तो वाद आपल्या वाट्याला यायलाच नको, म्हणून पहिला तुकडा गेटबाहेर जाण्याआधी नंबर घ्या आणि प्रत्येक बिलावर छापा.

२. 'कंपनी' नावाचं कोणी नसतं

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. त्याला वाटतं आपलं नातं 'कंपनीशी' आहे. खरं तर त्याचं नातं चार-पाच खात्यांशी असतं, आणि या खात्यांचं आपसात पटतंच असं नाही.

परचेसवाल्याचं वर्षाचं मूल्यमापन त्याने दर किती खाली आणले यावर होतं. सप्लायर क्वालिटीवाल्याचं पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत किती तुकडे खराब निघाले यावर. पीपीसीवाल्याला, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्याला, एकच भीती: जुळणीची लाइन थांबता कामा नये. स्टोअरवाल्याला जास्तीचा साठा नको असतो, कारण महिनाअखेरीला इन्व्हेंटरीचा आकडा त्याच्या नावावर दिसतो. अकाउंट्सवाला पैसे जितके उशिरा सोडेल तितकं त्याचं कौतुक. आणि डेव्हलपमेंटवाल्याला नमुना कालच हवा असतो. तो मिळाला की पुढचं मॉडेल येईपर्यंत त्याचा फोन येत नाही.

म्हणून असं होतं: पीपीसीचा साहेब फोन करतो, "अहो, उद्या सकाळी दोन हजार पाहिजेत, काहीही करा." तुम्ही रात्रपाळी लावता, ओव्हरटाइम देता, सकाळी टेम्पो गेटवर उभा. स्टोअर म्हणतं, शेड्यूल बाराशेचं आहे, बाकीचे घेता येणार नाहीत. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आठशे तुकडे आणि परतीचं भाडं तुमचं.

यावर उपाय साधा आहे. फोनवर काहीही ठरलं की त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल: "आज आपल्या बोलण्यानुसार उद्या २००० नग पाठवत आहोत, कृपया शेड्यूल सुधारून द्यावे." फोन करणाऱ्याला तो मेल टू मध्ये, स्टोअर आणि परचेस सीसीत. सुरुवातीला साहेब चिडतात. "आमच्यावर विश्वास नाही का?" असंही विचारतात. हसून सांगायचं, साहेब, आमच्या ऑडिटला लागतं. दोन-तीन महिन्यांत सवय होते.

दुसरं कारण याहून मोठं आहे. मोठ्या कंपनीतली माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात. ज्याने तुम्हाला "पुढच्या मॉडेलचं काम तुम्हालाच" असं सांगितलं तो दुसऱ्या प्लांटला जातो, नवीन माणूस फाइल उघडतो आणि फाइलमध्ये जे आहे तेवढंच त्याला माहीत असतं. साहेबाशी चांगले संबंध ठेवा, दिवाळीला भेटा, पण भागीदारी फाइलमध्ये राहते.

३. कोटेशन: दर काढण्याआधी पैसा किती अडकणार ते काढा

मोठ्या कंपनीला एक आकडा चालत नाही. त्यांचा कॉस्ट ब्रेकअपचा तक्ता येतो आणि तो भरावाच लागतो: कच्च्या मालाचं ग्रॉस वजन, नेट वजन, स्क्रॅप, प्रत्येक ऑपरेशनचा सायकल टाइम, मशीन अवर रेट, टूल खर्च, रिजेक्शन, पॅकिंग, वाहतूक, ओव्हरहेड, नफा. हा तक्ता म्हणजे तुमचं पोट उघडून दाखवणं आहे. एकदा भरून दिलात की पुढची पाच वर्षं त्याच कागदावर बोट ठेवून दर पाडले जातील. म्हणून घाईत भरू नका.

सायकल टाइमची चूक सगळ्यात महाग पडते. समजा तुकड्याला ३ मिनिटं लागतात आणि मशीनचा दर तासाला ४०० रुपये धरलाय. कागदावर तासाला २० तुकडे, म्हणजे २० रुपये. पण जॉब लावणं-काढणं, इन्सर्ट (कापणारं टोक) बदलणं, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणं, चहा हे धरलं की तासाला १७ सुटतात, म्हणजे साडेतेवीस रुपये. महिन्याला दहा हजार नगांवर हा फरक ३५ हजारांचा होतो. कंपनीचा माणूस स्टॉपवॉच घेऊन मशीनसमोर उभा राहील आणि एकाच तुकड्याची वेळ मोजेल. त्याला पूर्ण पाळीची नोंदवही दाखवा.

स्क्रॅपकडे लक्ष ठेवा. ग्रॉस आणि नेट वजनातला फरक ते तुमच्या दरातून वजा करतात, तेही त्यांच्या ठरवलेल्या भंगाराच्या भावाने. तुमचा भंगारवाला ओल्या, तेलकट चिप्सना तो भाव देत नाही. प्रत्यक्ष विक्रीच्या तीन पावत्या जोडून भाव ठरवून घ्या.

आता अडकणाऱ्या पैशाचा हिशेब. समजा महिन्याची विक्री २० लाख. त्यात स्टील १२ लाखांचं, पगार-वीज-टूल वगैरे साडेचार लाख. स्टील तुमच्या स्टोअरमध्ये १० दिवस, शॉपमध्ये मशीनवर १० दिवस, तयार माल १० दिवस, गेटवर पोचून जीआरएन (माल मिळाल्याची त्यांची नोंद) व्हायला ५ दिवस आणि नंतर ६० दिवसांची उधारी. झाले ९५. स्टीलवाल्याने १५ दिवस दिले तर तुमच्या खिशातून ८० दिवस. रोजचं ४० हजारांचं स्टील गुणिले ८०, म्हणजे ३२ लाख. बाकीचा खर्च सरासरी ७५ दिवस अडकला तर आणखी सव्वाअकरा लाख. एकूण साधारण ४३ लाख रुपये कायम फिरत राहणार, वीस लाखांच्या धंद्यासाठी. कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं, व्याज ११ टक्के धरलं तर वर्षाला पावणेपाच लाख, म्हणजे विक्रीच्या जवळजवळ २ टक्के. हा आकडा त्या तक्त्यात कुठल्या ओळीत बसवलात? बहुतेक वेळा कुठेच नसतो. 'इन्व्हेंटरी कॅरिंग कॉस्ट' नावाची ओळ असते, तिथे मागा.

जीएसटी वेगळाच. १८ टक्के धरला तर विक्रीवर ३ लाख ६० हजार, स्टीलवर भरलेला वजा करून साधारण दीड लाख रुपये पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारला जातात. गिऱ्हाइकाकडून ते अजून आलेले नसतात.

आणि ऑर्डर दुप्पट झाली तर? हे ४३ लाखही दुप्पट होतात. नवीन युनिट कामाअभावी बंद पडतं हे आपण ऐकतो. काम वाढल्यामुळे बंद पडलेली युनिटंही एमआयडीसीत कमी नाहीत. म्हणून दुसऱ्या ऑर्डरला हो म्हणायच्या आधी बँकेत जाऊन लिमिट विचारा.

स्टील ते देणार असतील आणि तुम्ही फक्त जॉबवर्क करणार असाल, तर हा बोजा बराच हलका होतो. नफाही कमी होतो, पण पहिल्या वर्षी मी तरी जॉबवर्कच घ्यायला सांगेन. त्यात त्यांच्या मालाचा हिशेब चोख लागतो: जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला आलेला माल एका वर्षात परत गेला पाहिजे. प्रत्येक किलोचं, चिप्ससकट, खातं ठेवा. वर्षअखेरीला ताळा लागला नाही की फरकाची डेबिट नोट (तुमच्या पैशातून कापायची चिठ्ठी) येते.

४. पीओची मागची बाजू

पीओच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या, पुढच्या पानावर दर आणि नग असतात, ते सगळे वाचतात. मागे किंवा जोडपत्रात बारीक अक्षरात वीस-पंचवीस अटी असतात, त्या कोणी वाचत नाही. मराठी माणसाला इंग्रजी कायदेशीर मजकुराचा कंटाळा येतो हे मान्य, पण दोन-तीन हजार रुपये देऊन वकिलाकडून एकदा समजून घ्या. तुम्हाला सगळं बदलता येणार नाही. चार गोष्टींवर मात्र बोलता येतं.

पहिली, नगांची हमी. 'ओपन पीओ' म्हणजे दर ठरलाय, नग नाहीत. कंपनी महिन्याला दहा हजार 'अंदाजे' सांगते आणि तुम्ही त्यावर नवीन मशीन घेता. त्या अंदाजाला कायद्याने काही किंमत नाही. यावर अ‍ॅपल आणि जीटी अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपन्यांचं प्रकरण बघण्यासारखं आहे. जीटी ही स्फटिक बनवण्याच्या भट्ट्या विकणारी कंपनी. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर तिने अ‍ॅपलशी करार केला: अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे अ‍ॅपलच्या जागेत तिने सफायरचा मोठा कारखाना चालवायचा आणि माल अ‍ॅपलला द्यायचा. अ‍ॅपलने ५७ कोटी ८० लाख डॉलर आगाऊ द्यायचं कबूल केलं, ते पुढे परत फेडायचे होते. ऐकायला स्वप्नवत. पण जीटीने क्षमता अ‍ॅपलसाठी राखून ठेवायची, आणि अ‍ॅपलवर मात्र ठरावीक माल घेण्याचं बंधन नाही, अशी कराराची रचना होती. मोठे स्फटिक अपेक्षेप्रमाणे निघेनात, आगाऊ रकमेचा शेवटचा १३ कोटी ९० लाखांचा हप्ता अ‍ॅपलने रोखला आणि ६ ऑक्टोबर २०१४ ला जीटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. करारापासून एक वर्षही झालं नव्हतं. जीटी आपल्यासारखी वीस माणसांची नव्हती, तिच्याकडे वकिलांची फौज होती. तरीही एवढं मोठं गिऱ्हाईक सोडवेना.

आपल्या पातळीवर याचा अर्थ एवढाच: फक्त त्यांच्याच कामाला लागणारं मशीन असेल, तर किमान नगांचं पत्र किंवा मशीनच्या खर्चात वाटा, दोन्हीपैकी एक मागा. दोन्ही नाकारलं तर दुसऱ्या कामालाही चालेल असंच मशीन घ्या.

दुसरी गोष्ट, टूलिंग. डाय, फिक्स्चर, गेज यांचे पैसे कोण देणार आणि मालकी कोणाची? 'अमॉर्टाइज करू' असं सहज म्हटलं जातं. म्हणजे ६ लाखांचं फिक्स्चर-गेज एक लाख तुकड्यांवर वाटलं, तुकड्यामागे ६ रुपये. मॉडेल चाललं नाही आणि ३० हजारांवर थांबलं, तर तुमचे ४ लाख २० हजार बुडाले. त्यामुळे एक ओळ घालून घ्या: २४ महिन्यांत ठरलेले नग न झाल्यास उरलेली रक्कम एकरकमी मिळेल. ही ओळ मिळते, मी मिळालेली पाहिली आहे. मागणारेच कमी.

तिसरी, कच्च्या मालाच्या भावातला फरक. स्टीलचे भाव बदलले की दर तिमाहीला सुधारणा होते, पण पत्र दोन-तीन महिने उशिरा येतं. भाव वाढले तर फरक तुम्ही मागत फिरता, उतरले तर मागच्या तारखेपासून डेबिट नोट आपोआप येते. सुधारणा कोणत्या निर्देशांकावर, कोणत्या तारखेपासून आणि किती दिवसांत, हे तीनही लिहून घ्या.

चौथी, आमच्या स्पर्धकाला माल द्यायचा नाही ही अट. त्यांच्या ड्रॉइंगचा तुकडा दुसऱ्याला विकू नये हे रास्त आहे. तुमच्या मशीनवर दुसऱ्या कोणाचं काम करू नये हे रास्त नाही. गोपनीयतेच्या करारात या दोन गोष्टी एकाच वाक्यात गुंडाळलेल्या असतात, त्या वेगळ्या करून घ्या.

५. नमुन्यापासून पीपीएपीपर्यंत

वाहन उद्योगात पहिला माल जाण्याआधी पीपीएपीची, म्हणजे उत्पादनाआधी पार्टला मिळणाऱ्या मंजुरीची, फाइल मंजूर व्हावी लागते: प्रोसेस फ्लो, पीएफएमइए (प्रक्रियेत कुठे काय बिघडू शकतं याचा तक्ता), कंट्रोल प्लॅन (काय, कधी मोजायचं ते), मापांचे अहवाल, कच्च्या मालाचं प्रमाणपत्र, गेजचा एमएसए अभ्यास (मोजमापावर किती भरवसा ठेवता येतो ते), आणि वर सही करायचा वॉरंट, म्हणजे मंजुरीचं पान. बाजारात ही फाइल तयार करून देणारे सल्लागार आहेत. घ्या मदत, पण दुसऱ्या कोणाच्या फाइलमध्ये नाव बदलून दिलेला कंट्रोल प्लॅन ऑडिटला दोन मिनिटांत उघडा पडतो. ऑडिटर ऑपरेटरलाच विचारतो, "दर किती तुकड्यांनंतर मोजता?" ऑपरेटर म्हणतो पाच, कागदावर लिहिलंय पन्नास.

नमुने तुमच्या सगळ्यात चांगल्या मशीनवर, सगळ्यात हुशार मुलाकडून काढू नका. ज्या मशीनवर रोज काम चालणार तिथेच काढा. प्रमाणपत्रांत आयएसओ ९००१ बहुतेक ठिकाणी किमान लागतं, थेट वाहन कंपनीला माल द्यायचा तर आयएटीएफ १६९४९. केंद्र सरकारच्या झेड (शून्य दोष, पर्यावरणावर शून्य परिणाम) योजनेत प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० टक्के अनुदान आहे, सुरुवातीला तिथून शिस्त लागते.

६. लाइन रिजेक्शनचा फोन

तो येणारच. वेळ बहुधा दुपारी चारची, शनिवार. "तुमच्या पार्टमध्ये आडव्या होलला बर (धातूची उरलेली धार) आहे, लाइनवर सात सापडले, लॉट होल्डवर टाकलाय."

पहिल्या तासात तीन कामं, याच क्रमाने. तुमच्या शॉपमधला आणि रस्त्यावरचा सगळा तोच माल थांबवा. नंतर एक माणूस, हातात फाइल-डिबरिंग टूल आणि गो-नोगो गेज (माप बसतं की नाही ते बघायचं) देऊन, त्यांच्या प्लांटला पाठवा, गेटपास आधी काढून ठेवा. आणि क्वालिटीला मेल: कळलं, माणूस निघाला, अमुक वाजता पोचेल. तुम्ही माणूस पाठवला नाहीत तर ते बाहेरची सॉर्टिंग एजन्सी लावतात, तिचं तासाचं बिल तुमच्या नावावर पडतं. वर लाइन थांबली असेल तर मिनिटांच्या हिशेबाने आकारणी. सात तुकड्यांची किंमत सातशे रुपये आणि डेबिट नोट चाळीस हजारांची, असं खरंच होतं.

प्लांटला गेलेल्या माणसाने आधी चलन आणि हीट नंबर (स्टील कुठल्या खेपेतलं ते सांगणारा) बघावा: ते सात तुकडे आपलेच आहेत का? एकाच पार्टचे दोन व्हेंडर असतील तर बिनमध्ये मिसळतात. म्हणून प्रत्येक तुकड्यावर छोटी खूण हवी, डॉट पंच चालतो. तुकडे आपले असतील तर वाद घालू नये. माल निवडून स्वच्छ करून द्यावा, मोजून 'इतके तपासले, इतके काढले' यावर त्यांच्या निरीक्षकाची सही घ्यावी. ती सही नसेल तर पुढे डेबिट नोट कमी करून घेणं अवघड जातं.

मग ८डी अहवाल, म्हणजे दोष का झाला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते. 'ऑपरेटरला समज दिली' हे मूळ कारण म्हणून लिहू नका. क्वालिटीवाल्याने ते वाक्य हजारदा वाचलेलं असतं. ड्रिल किती तुकड्यांनंतर बदलायचं हे ठरलेलं नव्हतं, आता मशीनवर काउंटर लावलाय आणि तो इतक्यावर थांबतो, असं काही लिहा. आणि काउंटर खरंच लावा, ते बघायला येतात.

ड्रॉइंगच्या रिव्हिजनचंही असंच. रिव्हिजन सी जाऊन डी आलं की जुन्या मालाचं काय, हे त्याच दिवशी मेलने विचारा: तुमच्याकडे तयार किती, मशीनवर किती, स्टील किती कापलेलं. 'वापरून संपवा' की 'स्क्रॅप करून बिल द्या', उत्तर लेखी घ्या. जुनी ड्रॉइंग शॉपमधून गोळा करून फाडून टाका. भिंतीला चिकटवलेली एक प्रत हमखास राहते.

७. पैसे

कायदा तुमच्या बाजूने आहे, हे आधी. २००६ च्या एमएसएमइडी कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. पीओवर ९० दिवस छापलं तरी ४५ च लागू. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला तोच दिवस स्वीकाराचा. म्हणजे 'जीआरएनच उशिरा झालं' ही सबब कायद्यात टिकत नाही. पण त्यासाठी माल पोचल्याची गेटची शिक्क्याची प्रत तुमच्याकडे हवी. ड्रायव्हरला ती प्रत आणल्याशिवाय भाडं देऊ नका.

पैसे आलेच नाहीत तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. तिथला निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. दात असलेला कायदा आहे. मात्र चालू गिऱ्हाइकाविरुद्ध परिषदेत गेलात की पुढचं शेड्यूल येईल ही आशा सोडायची. माझं मत: नातं संपलं असेल तर जरूर जा, उशीर करू नका. नातं चालू असेल तर खालच्या दोन वाटा आधी वापरा.

एक, आयकर. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली तरतूद, जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी (एच), सांगते की सूक्ष्म-लघु उत्पादक किंवा सेवा पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा करता येतो. म्हणजे मार्चअखेर तुमचं बिल थकवलं तर त्यांचा कर वाढतो. फेब्रुवारीच्या शेवटी अकाउंट्सला उद्यम प्रमाणपत्र आणि मुदत उलटलेल्या बिलांची यादी पाठवा. भांडण नको, धमकी नको, नुसती यादी. शिवाय ४५ दिवसांवरच्या थकबाकीचा अहवाल कंपन्यांना दर सहा महिन्यांनी 'एमएसएमई फॉर्म १' मध्ये द्यावा लागतो, तो भरणारा त्यांचा कंपनी सेक्रेटरी अशा यादीने जागा होतो. "तुमची उद्यम नोंदणी रद्द करा, मग काम देऊ," असं सुचवणारेही भेटतात. त्यांच्याकडून पैसे वेळेवर येतील असं कशावरून?

दोन, ट्रेड्स. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट अशा व्यासपीठांवर तुमचं बिल चढवायचं, कंपनीने ते स्वीकारलं की बँका त्यावर बोली लावतात आणि एक-दोन दिवसांत व्याज कापून पैसे तुमच्या खात्यात. व्याज कंपनीची पत बघून ठरतं, तुमची नाही, त्यामुळे कॅश क्रेडिटपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. कंपनीने नंतर बुडवलं तरी बँक तुमच्याकडे येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची होती. नोंदणी केली म्हणून प्रत्येक व्हेंडरचं बिल स्वीकारतीलच असं नाही. म्हणून दर ठरवतानाच, पीओ यायच्या आधी, विचारा: बिलं ट्रेड्सवर स्वीकारणार का? नंतर विचारलं की ते अकाउंट्सच्या टेबलावर पडून राहतं.

घरचं एक काम: दर महिन्याला त्यांच्या खात्याचा उतारा मागवून जुळवा. डेबिट नोटा बऱ्याचदा कळवल्या जात नाहीत, थेट पेमेंटमधून कापल्या जातात. महिन्याच्या आत हरकत घेतली तर परत मिळते, वर्षानंतर कोणाला काही आठवत नाही.

८. 'यंदा तीन टक्के कमी करा'

दर वर्षी पत्र येतं. सरळ नाही म्हणू नका, सरळ हो तर नकोच. तीन टक्के कुठून येतील ते त्यांच्याच डिझाइनमध्ये शोधा: ज्या मापाला गरज नसताना बारीक टॉलरन्स दिलाय, जिथे ग्राइंडिंगऐवजी टर्निंग पुरेसं आहे, पॅकिंगला पुठ्ठ्याऐवजी परतीच्या ट्रे. अशी सूचना डेव्हलपमेंटला मान्य करून घेतली की बचतीतला निम्मा वाटा मागता येतो, आणि परचेसवाल्यालाही त्याच्या तक्त्यात आकडा मिळतो. स्वतःच्या नफ्यातून दिलेली सूट पुढच्या वर्षी पुन्हा मागितली जाते.

९. एकच गिऱ्हाईक

पहिली दोन वर्षं सत्तर-ऐंशी टक्के काम एकाच कंपनीचं असणं टाळता येत नाही. तिसऱ्या वर्षीही तसंच असेल तर ती निष्ठा नव्हे, आळस आहे. ब्रिटनमधली इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही आयफोनच्या ग्राफिक्सचं तंत्रज्ञान पुरवायची, तिचं जवळजवळ निम्मं उत्पन्न अ‍ॅपलकडून यायचं. दोन वर्षांच्या आत हे तंत्रज्ञान वापरणं थांबवू असं अ‍ॅपलने कळवलं, कंपनीने ते एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केलं. शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला, त्याच वर्षी कंपनी विकायला काढावी लागली.

कंपनीने तुमच्या पार्टला दुसरा व्हेंडर उभा केला की नवीन उद्योजकाला पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटतं. त्यांच्या बाजूने बघा. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करिया इथल्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटा जवळजवळ पूर्णपणे तिथूनच घेत होती. टोयोटाच्या गाड्यांचं उत्पादन काही दिवस ठप्प झालं. शेवटी कितीतरी लहान-मोठ्या पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला तेव्हा लाइन हलली. तेव्हापासून कुठल्याही सोर्सिंग साहेबाला 'एकच व्हेंडर' म्हटलं की घाम फुटतो. दुसरा व्हेंडर येणारच, तर तुमचा वाटा साठ टक्क्यांवर कसा राहील एवढं बघा. आणि तोच नियम स्वतःला लावा: तुमचाही दुसरा ग्राहक हवा, शक्यतो दुसऱ्या धंद्यातला. ट्रॅक्टर, पंप, वैद्यकीय उपकरणं, निर्यात. वाहनांची मंदी आली की सगळे वाहनवाले एकदमच झोपतात.

१०. सोडायची वेळ आली तर

दर परवडत नाही, पैसे येत नाहीत, किंवा मॉडेलच बंद झालं. तर एकदम माल थांबवू नका. पीओत नोटिशीची मुदत असते, बहुधा ६० किंवा ९० दिवस, ती पाळा आणि लेखी द्या. लाइन थांबवून गेलेल्या व्हेंडरची गोष्ट खरेदी खात्यांत वर्षानुवर्षं फिरते, आणि चाकणचं खरेदीचं जग लहान आहे.

त्यांची टूलिंग अडकवून पैसे काढायचा मोह होतो. कायद्याने ते अडचणीचं ठरू शकतं, शिवाय मूळ मागणी बाजूला राहून चोरीच्या तक्रारीला उत्तर देत बसावं लागतं. डाय, फिक्स्चर, गेज यांची यादी करा, फोटो काढा, परतीच्या चलनावर त्यांच्या स्टोअरची सही घ्या. उरलेलं स्टील, अर्धवट तुकडे आणि अमॉर्टायझेशनची बाकी यांचं एकत्र बिल करा. मग अकाउंट्सकडून खात्याच्या शिल्लक रकमेला लेखी दुजोरा मागवा. पुढे परिषदेत जायची वेळ आलीच, तर त्या एका पानाइतका दुसरा कुठलाच कागद कामाला येत नाही.